कापायचे ते लाकूड, दगड नव्हे

ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी शोकेससाठी दख्खनच्या बेसाल्टमधला स्टिल्बाइट या खनिजाचा नमुना आणला, की पहिला सल्ला मिळतो तो बूड कापून सपाट करण्याचा. तो मुळीच मानू नये. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत हे स्फटिक नंतर सावकाश वाढले. तळाचा खडबडीत बेसाल्ट हाच त्या जन्माचा पुरावा. शिवाय स्टिल्बाइटची कठीणता मोह्स मापनावर जेमतेम ३.५ ते ४, आणि एका दिशेने तो सहज फाटतो. करवतीच्या हादऱ्यानेही नमुना हातचा जाऊ शकतो. सुइसेकी या नैसर्गिक दगड मांडण्याच्या जपानी कलेतली 'दाइझा' ही लाकडी बैठक याच विचाराने घडते: दगड आहे तसा, लाकूड त्याच्या मापाचे.

अशी बैठक करायला सागाच्या तुकड्यावर दगडाच्या बुडाची कड पेन्सिलीने आखून आतला भाग गोल पटाशीने खोलवावा. मग मध्ये कार्बन पेपर घालून दगड, स्फटिकांना हात न लावता, हलकेच दाबावा. डाग उमटेल तेवढेच लाकूड खरवडायचे. हे पुन्हा पुन्हा करावे लागते. एवढा खटाटोप कशाला, एपॉक्सी पुट्टी आहेच, असे कुणी म्हणेल. पण ती एकदा घट्ट झाली की नमुना धड सुटत नाही. ठाण्याच्या दमट पावसाळ्यात लाकूड फुगते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून मुरलेला साग घ्यावा, कडेला कागदाच्या जाडीची फट सोडावी आणि पॉलिश खालच्या बाजूलाही द्यावे.