ड्युनेडिनहून आलेली कॅसेट

ड्युनेडिन हे नाव आमच्या घरात वाडेकरांमुळे शिरलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या या गावात, कॅरिसब्रुक मैदानावर, पतौडींच्या संघानं परदेशातला भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. अजित वाडेकरांनी त्यात ८० आणि ७१ धावा केल्या. वडील हे दोन आकडे पाढ्यासारखे म्हणायचे. मला त्याच गावाचा दुसरा धावफलक पाठ आहे. द क्लीन, द चिल्स, द व्हर्लेन्स, स्नीकी फीलिंग्ज, लुक ब्लू गो पर्पल, स्ट्रेटजॅकेट फिट्स. लाख-सव्वा लाख वस्तीच्या गावातून एका दशकात एवढे बँड निघाले, आणि आपल्याकडे रॉक ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी त्यांतल्या एकाचंही नाव ऐकलेलं नसतं. दहावा बहुतेक वेळा माझ्याच तावडीत सापडलेला असतो.

मी सापडलो तो १९९३ साली, पुण्यात, हॉस्टेलवर. रूममेटचा मामेभाऊ ओटागो विद्यापीठात शिकत होता. सुट्टीवर येताना त्यानं भावासाठी चॉकलेटं आणली आणि सोबत टीडीकेची नव्वद मिनिटांची एक कॅसेट. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेननं, मुंगीएवढ्या अक्षरांत गाण्यांची नावं. रूममेटनं चॉकलेटं ठेवून घेतली आणि कॅसेट माझ्याकडे टाकली. तेव्हा आमच्या मजल्यावर मेटॅलिका आणि गन्स अँड रोझेसचं राज्य होतं. त्या दणदणाटात ही पातळ, किणकिणती, मागे सतत ‘सूं’ वाजत राहणारी गाणी लावली, तेव्हा शेजारच्या खोलीतला एक जण दारात येऊन म्हणाला, “हे काय न्हाणीघरात रेकॉर्ड केलंय का?”

तो फार चुकला नव्हता.

गोष्ट सुरू होते ती क्रिस नॉक्सच्या चिडण्यापासून. १९७७ च्या सुमारास पंकची लाट ड्युनेडिनला पोचली तेव्हा नॉक्सनं ‘द एनिमी’ नावाचा बँड काढला, त्यातूनच पुढे ‘टॉय लव्ह’ झाला. हा बँड १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाला गेला, तिथल्या महागड्या स्टुडिओत अल्बम केला, आणि मंचावर आग ओकणारी त्यांची गाणी तबकडीवर मिळमिळीत होऊन उतरली. बँड मोडला. नॉक्सनं मग टीॲक कंपनीचा चार ट्रॅकचा रीलवाला टेपरेकॉर्डर घेतला. चार ट्रॅक म्हणजे काय, तर एकमेकांवर चढवता येतील असे आवाजाचे चारच पदर. ड्रम, बेस, गिटार, गळा, की जागा संपली. व्यावसायिक स्टुडिओत तेव्हा चोवीस ट्रॅक सर्रास असत. पण हे यंत्र उचलून कुठल्याही घरात नेता यायचं, आणि काचेपलीकडून घड्याळाकडे बघणारा इंजिनीअर नसायचा. नॉक्स आणि त्याचा मित्र डग हूड यांनी या एका यंत्रावर जे टिपून ठेवलं, त्यावर माझ्यासारख्यांचं आयुष्य चाललंय.

दुसरा माणूस रॉजर शेपर्ड. हा क्राइस्टचर्चमधल्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा. १९८१ मध्ये त्यानं ‘फ्लाइंग नन’ ही कंपनी काढली. कंपनी म्हणायचं ते आपलं उपचारापुरतं. आपल्याकडे साठच्या दशकात अशोक शहाणे आणि मंडळींनी ‘असो’सारखी लघुनियतकालिकं ज्या भांडवलावर काढली, साधारण तेवढंच भांडवल इथेही होतं, म्हणजे मित्र, उधारी आणि मुद्रितशोधनाबद्दलची बेफिकिरी. वेष्टनं बँडवालेच काढायचे, पेननं, कात्रीनं, झेरॉक्सवर.

फ्लाइंग ननची दुसरीच तबकडी होती द क्लीनची ‘टॅली हो!’. डेव्हिड आणि हेमिश किलगोर हे दोन भाऊ, आणि बेसवर रॉबर्ट स्कॉट. ध्वनिमुद्रणाचा खर्च पन्नास-साठ डॉलर. त्यात जो ऑर्गन वेड्यासारखा एकच धून घोटत राहतो, तो वाजवलाय शाळकरी वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मार्टिन फिलिप्सनं. हे गाणं न्यूझीलंडच्या राष्ट्रीय यादीत १९ व्या क्रमांकावर पोचलं. पाठोपाठ नॉक्सच्या चार ट्रॅकवर केलेली ‘बूडल बूडल बूडल’ ही पाच गाण्यांची ईपी आली. ती पहिल्या पाचांत गेली आणि जवळजवळ सहा महिने यादीत ठाण मांडून बसली.

म्हणून ‘उपेक्षित बँड’ हा शब्द कोणी वापरला की मी जरा अडतो. उपेक्षा कोणी केली? त्यांच्या देशानं तर यांना डोक्यावर घेतलं होतं. यादीत नाव लागलं, हॉल भरले. पण तो देश तीस-बत्तीस लाख लोकांचा, आणि लंडनचं रॉक साप्ताहिक तिथे बोटीनं यायचं, कित्येक आठवड्यांनी शिळं होऊन. उलट दिशेनं काही जायचं म्हटलं तर तेवढाच समुद्र ओलांडायचा. जगानं हे बँड नाकारले असं म्हणायला आधी जगाला ते ऐकू जायला हवे होते.

या अंतराचा एक फायदा झाला असं मला वाटतं. लंडनमध्ये त्या वर्षी कुठली फॅशन चालू आहे हे कळेपर्यंत ती संपलेली असायची, त्यामुळे तिच्यामागे धावण्यात अर्थ नव्हता. ही मुलं जुन्या वेल्व्हेट अंडरग्राउंडच्या आणि बर्ड्सच्या तबकड्या एकमेकांकडून मागून ऐकायची आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एम्पायर हॉटेलात माडीवर, शे-दीडशे ओळखीच्या लोकांसमोर वाजवायची. गाव थंड, घरं जुनी लाकडी, भाडं कमी, वस्तीत विद्यार्थी बरेच.

१९८२ मध्ये चार बँडना एकेक बाजू देऊन दोन तबकड्यांचा एक संच निघाला, ‘ड्युनेडिन डबल’. चिल्स, व्हर्लेन्स, स्नीकी फीलिंग्ज आणि स्टोन्स. पुन्हा तोच टीॲक. इथून ‘ड्युनेडिन साउंड’ हे लेबल चिकटलं. किणकिणती गिटार, भरपूर घुमारा, गळा मागे दडलेला. खुद्द वादकांना हे लेबल फारसं मानवलं नाही. स्नीकी फीलिंग्जचा मॅथ्यू बॅनिस्टर पुढे या सगळ्यावर पुस्तक लिहून बसला आणि दंतकथेला बऱ्याच टाचण्या लावल्या. त्याचं बरोबर आहे. चार बाजू ऐका, चार वेगवेगळी घराणी आहेत. व्हर्लेन्सचा ग्रॅम डाउन्स हा गुस्टाव मालरवर पीएचडी केलेला माणूस, नंतर ओटागो विद्यापीठात संगीत शिकवायला लागला. त्याच्या गाण्यांत ताल मध्येच पालटतात, सूर अनपेक्षित जिन्यावरून उतरतात, आणि तरीही पोरं बिअरचे ग्लास उंचावून ती ओरडतात. ‘डेथ अँड द मेडन’ हे त्यांचं सर्वांत गाजलेलं. ‘व्हर्लेन’ हे फ्रेंच कवीचं आडनाव घोळक्यानं कोरससारखं गाताना मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकलेलं नाही.

लुक ब्लू गो पर्पल हा पाच मुलींचा बँड. चार वर्षांत तीन ईपी आणि विषय संपला. गिटारच्या गजबजाटात बासरी येते ती शोभेला येत नाही, वाट दाखवत येते. त्यांना ‘मुलींचा बँड’ म्हणून कौतुकानं थोपटणाऱ्यांनी आधी ती गाणी नीट ऐकावीत.

पण माझी कॅसेट जिथे सर्वांत जास्त घासली, ते गाणं चिल्सचं. ‘पिंक फ्रॉस्ट’.

हे गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी काही सांगत नाही, नुसता चेहरा बघत बसतो. सुरुवातीला गिटार अगदी प्रसन्न, उन्हात आल्यासारखी वाजते. वाटतं, बरं आहे, हलकंफुलकं दिसतंय. तेवढ्यात ती थांबते आणि खालून दुसरीच लकेर सुरू होते. तीच ती, गोल फिरणारी, थंडगार. बेस दोन-चार स्वरांच्या पलीकडे जायचंच नाही असं ठरवून बसलेला. ड्रम कुठेही आपटत नाही, नुसता धावत राहतो, धाप लागलेल्या माणसासारखा. आणि त्यावर फिलिप्सचा आवाज, कोणाला उठवायचं नाही अशा बेतानं. आपल्या प्रिय व्यक्तीच्या निष्प्राण देहाशेजारी बसलेल्या माणसाचं हे गाणं आहे. चार मिनिटांत कोणी आवाज चढवत नाही.

ते धावणारे ड्रम मार्टिन बुलचे. मूळ वादन १९८२ मधलं. त्यानंतर बुलला रक्ताचा कर्करोग झाला आणि जुलै १९८३ मध्ये तो गेला. गाणं आधीचं, मरण नंतरचं. १९८४ मध्ये तबकडी आली तेव्हा ती त्याला अर्पण केलेली होती. बुलनं जाताना आपलं कातडी जाकीट फिलिप्ससाठी ठेवलं. फिलिप्स ते घालून मंचावर जायचा, आणि १९८६ मध्ये त्यानं त्या जाकिटावरच गाणं केलं, ‘आय लव्ह माय लेदर जॅकेट’. त्यात रडगाणं औषधालाही नाही. दणदणीत ठेका, टाळ्या वाजवाव्यात असा. मित्राच्या दुखवट्यावर नाचता येईल असं गाणं लिहायला काय लागत असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.

चिल्सनं १९९० मध्ये मोठ्या अमेरिकी कंपनीसाठी ‘सबमरीन बेल्स’ केला. मायदेशी तो पहिल्या क्रमांकावर गेला. ‘आता हे मोठे होणार’ असं सगळे म्हणत होते. १९९२ मध्ये बँड मोडला. चिल्समधून वीसहून जास्त माणसं आली-गेली, आणि टिकला एकटा फिलिप्स. त्याउलट रॉबर्ट स्कॉटनं क्राइस्टचर्चमध्ये काढलेला ‘द बॅट्स’ हा बँड १९८२ पासून त्याच चौघांचा आहे. एका घरातून आल्यासारख्या या दोन तऱ्हा. फिलिप्सच्या वाट्याला पुढे नशा, कर्ज आणि हिपॅटायटिस सी आला. त्याच्यावर २०१९ मध्ये माहितीपट निघाला. त्यात हा माणूस घरभर साठवलेल्या खेळण्यांची, कॉमिक्सची, सीडींची यादी करत बसलेला दिसतो. बायको ते बघून माझ्याकडे वळली आणि काही बोलली नाही.

अमेरिकेत या गाण्यांचा खरा शिरकाव कॉलेजच्या रेडिओमुळे झाला. पेव्हमेंट आणि यो ला टेंगो या बँडनी क्लीनचं ऋण उघडपणे मानलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या मर्ज रेकॉर्ड्सनं २००३ मध्ये क्लीनच्या गाण्यांचा दोन सीडींचा संग्रह तिकडे काढला. तो मी एका ओळखीच्याकरवी मागवला, आणि सोबत हावरटपणानं एक एलपीही. सीडी धड आल्या. एलपी मे महिन्यात कुठल्याशा गोदामात उन्हात पडून राहिली असावी. पाकिटातून निघाली ती पापडासारखी. अजून आहे माझ्याकडे. लावली की सुई होडीसारखी वरखाली होते आणि गाणं दर फेरीला एकदा शिंकतं.

नॉक्सला जून २००९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. वाचा जवळजवळ गेली. त्याच्या मदतीसाठी त्याच वर्षी त्याची गाणी इतरांनी गाऊन ‘स्ट्रोक’ हा दुहेरी अल्बम काढला. त्यात ड्युनेडिनचे जुने मित्र होतेच, शिवाय बॉनी ‘प्रिन्स’ बिली, यो ला टेंगो, आणि कित्येक वर्षं गप्प बसलेला न्यूट्रल मिल्क हॉटेलचा जेफ मँगम. स्वैपाकघरात रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाची ऐपत काय होती, ते ही यादी वाचून कळतं.

मध्यंतरी फ्लाइंग नन बड्या कंपन्यांच्या पोटात गेली होती. २००९ मध्येच शेपर्डनं ती काही भागीदारांसोबत परत विकत घेतली. माणसं मात्र परत येत नाहीत. हेमिश किलगोर २०२२ मध्ये गेला. मार्टिन फिलिप्स २८ जुलै २०२४ ला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. बातमी कळली त्या दिवशी मी ऑफिसात कोणाला काही सांगितलं नाही. कोणाला सांगणार, आणि काय? संध्याकाळी मुलीला सांगितलं. तिनं फोनवर चिल्स शोधला, ‘पिंक फ्रॉस्ट’ पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, “बाबा, हे तर छान आहे. तू सांगतोस तेवढं विचित्र नाहीये.” मला आनंद झाला आणि किंचित रागही आला. वर्षानुवर्षं आपण एकट्यानं सांभाळलेली वस्तू दुसऱ्याला इतक्या सहज आवडावी, याचा.

तिला मग मी क्लीनचं ‘पॉइंट दॅट थिंग समव्हेअर एल्स’ लावून दिलं. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं, आणि त्यात घडत म्हटलं तर काहीच नाही. गिटारची एक तार तंबोऱ्यासारखी सतत झंकारत राहते, डेव्हिड तिच्याभोवती घिरट्या घालतो, हेमिश ड्रमवर ठेका सोडत नाही. कॅसेटवर हे पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं होतं आणि त्या मामेभावाचा अंदाज चुकला होता. गिटार वर वर चढत असताना टेप संपायची, खट्कन बटण उडायचं. पुढची मिनिटं मी दहा वर्षांनी, त्या सीडीवर ऐकली.

मुलगी डोळे मिटून ऐकत होती. ती जागा आली तशी माझी मान उचलली गेली. गाणं पुढे चालूच राहिलं.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं, “इथे बाजू उलटायची असते.”