पीक खताने वाढले की जमिनीने?

नवीन खत आणायचे, बांधाखालच्या चार ओळींना टाकायचे, आणि तिथली ज्वारी उंच आली की म्हणायचे, "खत लागू पडलं!" पुढच्या साली सगळ्या रानाला पोती येतात. पण बांधाखाली माती खोल, ओलही जास्त. तिथे खताशिवायही पीक बरे आले असते. मग पैसे मोजले ते कशाचे?

याचा निवाडा घरच्या रानात करता येतो. समजा, तीन प्रकार पाहायचे आहेत : नत्र न देणे, सगळे नत्र पेरणीला देणे, आणि तेवढेच नत्र निम्मे पेरणीला व निम्मे महिन्याने देणे. उताराला आडव्या चार पट्ट्या आखा. दर पट्टीत गुंठ्या-गुंठ्याचे तीन वाफे. कोणत्या वाफ्याला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि दर पट्टीला नव्याने टाका. मनाने ठरवले की चांगला वाफा नकळत नव्या खताच्याच वाट्याला जातो.

आता मळणी झाली. बिननत्राच्या वाफ्यांत पट्टीवार ९, १२, १०, १३ किलो दाणे; एकदम दिलेल्यांत १४, १७, १५, १८; विभागून दिलेल्यांत १५, १६, १७, १८. बघा, प्रकार एकच, तरी वाफ्यावाफ्यांत तीन-चार किलोंचा फरक! म्हणून तुलना पट्टीतल्या पट्टीतच करावी.

नत्राच्या दोन वाफ्यांची सरासरी काढून तिच्यातून बिननत्राचा वाफा वजा करा. साडेपाच, साडेचार, सहा, पाच किलो. चारही पट्ट्यांत वाढ, तीही जवळपास सारखी. हा गुण नत्राचाच. विभागून देण्याचे काय? एका पट्टीत एक किलो जास्त, दुसरीत एक कमी, तिसरीत दोन जास्त, चौथीत बरोबरी. एवढ्यावर दुसऱ्या हप्त्याची मजुरी घालू नका. फायदा नाहीच, असेही मात्र यावरून ठरत नाही. पट्ट्या वाढवून आणखी एक हंगाम पाहा.

हे दोन्ही प्रश्न पेरणीआधीच वहीत लिहून ठेवावेत. पीक आल्यावर सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा शोधून तुलना केली, तर फरक कुठेतरी सापडणारच.

ही रीत इंग्लंडात रोदॅमस्टेड संशोधन केंद्रावर १९१९ साली रुजू झालेल्या फिशर यांनी बसवली. तिला ॲनालिसिस ऑफ व्हेरियन्स म्हणतात, म्हणजे फरकातला जमिनीचा वाटा, खताचा वाटा आणि उरलेला योगायोग वेगळे करणे. आपल्याकडे पानसे व सुखात्मे यांनी १९५४ साली शेतीसंशोधकांसाठी तिचे पुस्तक लिहिले. तुमचे आकडे पट्टीवार मांडून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आणि हा हिशोब समजून घ्या.