आधी पंखा, मग छप्पर

आपल्या देशात निम्म्याहून अधिक वीज अजूनही कोळशावर तयार होते. त्यामुळे घरात एक युनिट वीज जळली, की तिकडे वीज केंद्रात सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

सुरुवात पंख्यापासून करू. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॉट घेतो. रात्रभर चाललेला पंखा बंद करून त्याच्या मोटरला हात लावून पाहा, ती चांगलीच गरम लागते. ही उष्णता म्हणजे वाया गेलेली वीज. बीएलडीसी म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरच्या पंख्याच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात. तिथे चुंबकत्व निर्माण करायला वीज खर्चावी लागत नाही, म्हणून सुमारे ३० वॉटमध्ये काम भागते. रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस चालणारा एक पंखा बदलला, तर १६२ युनिट वाचतात. म्हणजे शंभर किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड टळतो, तोही एका खोलीत.

गरज अशी कमी केली, की छपरावर लहान सौर संचही पुरतो. स्वच्छ उन्हात एक किलोवॉटचा संच दिवसाला साधारण चार युनिट देतो. पावसाळ्यात हे प्रमाण घटते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपये अनुदान आहे. सोसायट्यांना लिफ्ट आणि पंपासारख्या सामायिक वापरासाठीही अनुदान मिळते. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय जरूर मांडा.