नदीच्या उगमापाशी

माणसाने साठी ओलांडली म्हणजे ओसरीवर बसून नातवंडांना गोष्टी सांगाव्यात आणि प्रवासाच्या खटाटोपात पडू नये, अशी एक समजूत पुष्कळांच्या मनात असते. गोष्टी सांगणे चांगलेच. परंतु सांगण्यासाठी नव्या गोष्टीही हव्यात! अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोकरीतून निवृत्त झालेली अनेक जोडपी उन्हाळा लागताच मोटारीच्या टपावर लांब, निमुळती होडी बांधतात, मागील भागात तंबू व शिधा भरतात आणि पाळीव कुत्र्याला सोबत घेऊन वनांतील सरोवरांकडे निघतात. अशाच एका जोडप्याबरोबर आज आपण मनाने एक सफर करणार आहोत. त्यांच्यासारखी माणसे तेथे पुष्कळ असल्यामुळे नावे शोधण्याचे कारण नाही. आपण त्यांना आजोबा आणि आजी असेच म्हणू.

प्रथम ते कोठे जातात ते पाहू. अमेरिकेत काही विस्तीर्ण वनप्रदेश संपूर्ण राष्ट्राच्या सरकारने राखले आहेत. त्यांना राष्ट्रीय उद्याने म्हणतात. त्याखेरीज तेथील पन्नासही राज्यांनी आपापली उद्याने राखलेली आहेत. ती राज्य उद्याने होत. उद्यान म्हटले की फुलांचे ताटवे आणि कारंजी आपल्या डोळ्यांसमोर येतात. ही उद्याने तशी नव्हेत. ती खरीखुरी अरण्ये, सरोवरे, नद्यांची खोरी किंवा समुद्रकिनारे आहेत. तेथे कोणा एकाची मालकी नसते. थोडे शुल्क भरून कोणीही तेथे जावे, नेमून दिलेल्या जागी तंबू ठोकावा, पाण्यात होडी घालावी आणि जागा होती तशी ठेवून परत यावे, एवढाच तेथील रिवाज.

आपले आजोबा व आजी मिनेसोटा या उत्तरेकडील राज्यातील इटास्का उद्यानात आले आहेत. १८९१ साली स्थापन झालेले हे उद्यान त्या राज्यातील सर्वांत जुने राज्य उद्यान होय. त्याचा विस्तार सुमारे १३० चौरस किलोमीटर असून त्यात लहानमोठी शंभरांहून अधिक सरोवरे आहेत. तांबूस सालीचे उंच पाइन वृक्ष सरोवरांच्या काठी उभे आहेत. त्यांतील काही दोनशे वर्षांहूनही जुने आहेत. परंतु या उद्यानाची खरी ख्याती निराळ्याच कारणासाठी आहे. मिसिसिपी ही अमेरिकेची महानदी येथील इटास्का सरोवरातून उगम पावते.

तळावर पोहोचताच दोघे कामाला लागतात. तंबूसाठी ते किंचित उंच व सपाट जागा निवडतात, म्हणजे रात्री पाऊस आला तरी पाणी खाली शिरत नाही. वर पाहून वाळलेली फांदी लोंबत नाही ना, याचीही खात्री करतात. स्वयंपाकासाठी लोखंडी कड्याने वेढलेली जागा असते. विस्तव तिच्या बाहेर पेटवावयाचा नाही. जेवण आटोपले की उरलेले अन्न, खरकटी भांडी, एवढेच नव्हे तर सुवासिक साबणदेखील मोटारीत बंद करून ठेवावयाचा. या वनात काळी अस्वले आहेत. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा तळावर येऊ लागते आणि शेवटी बहुधा त्या अस्वलालाच प्राणास मुकावे लागते. आपला आळस दुसऱ्याच्या जिवावर कसा बेततो, हे येथे चटकन ध्यानात येते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच होडी पाण्यात उतरते. या होडीला कायाक म्हणतात. हिचा शोध कोणा आधुनिक कारखानदाराने लावलेला नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट व त्यांच्या शेजारच्या लोकांनी फार प्राचीन काळी ती घडवली. तेथे झाडे उगवत नाहीत. म्हणून समुद्राने वाहून आणलेली लाकडे आणि प्राण्यांची हाडे जोडून ते सांगाडा करीत व त्यावर सील या जलचर प्राण्याचे कातडे ताणून शिवीत. शिंपी जसा अंगाचे माप घेऊन कपडा बेततो, तशी ही होडी शिकाऱ्याच्या शरीराच्या मापाने बेतली जाई. वरची बाजू झाकलेली असल्यामुळे लाटांचे पाणी आत येत नसे, आणि ती पाण्याला जवळजवळ टेकलेली असल्यामुळे शिकारी सावजाच्या जवळ निःशब्दपणे जाऊ शके. आजची कायाक बहुधा प्लॅस्टिकची असते. परंतु तिची आकृती अजूनही तीच आहे.

कायाकमध्ये बसणारा पाय पुढे पसरून तळाशी बसतो. वजन खाली राहिल्यामुळे होडी सहसा कलंडत नाही. वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पाती असतात. उजवे पाते पाण्यातून बाहेर येते तोच डावे पाण्यात शिरते, आणि होडी सरळ पुढे जाते. नवशिका केवळ दंडाच्या बळावर वल्हवतो व अर्ध्या तासात थकतो. जाणता माणूस कमरेपासून खांदे वळवतो. त्यामुळे पाठीच्या मोठ्या स्नायूंना काम मिळते आणि हातांवर ताण पडत नाही. साठी उलटलेली माणसे तासन् तास कशी वल्हवतात, याचे रहस्य हेच. पाण्यावर बळापेक्षा तालाचे महत्त्व अधिक.

आणि कुत्रा? तो आपोआप होडीत बसत नाही. त्याला आधी अंगणात कोरड्या जमिनीवर होडी ठेवून तीत बसण्याची सवय लावावी लागते. नंतर काठाच्या उथळ पाण्यात, मग थोडे आत, असे करीत करीत तो शिकतो. तळाशी रबराची चटई घालतात, म्हणजे त्याची नखे घसरत नाहीत. एखादे बदक दिसताच त्याने एकदम उडी मारली, तर तिघांनाही जलसमाधी मिळावयाची! म्हणून ‘बस’ म्हटले की बसणे हा त्याचा पहिला धडा. त्याच्या अंगातही जीवरक्षक जाकीट असते व त्याच्या पाठीवर मूठ असते. पाण्यात पडलाच तर त्या मुठीला धरून त्याला वर ओढता येते. जमिनीवर त्याची दोरी सहा फुटांहून लांब असावयाची नाही, असा मिनेसोटातील उद्यानांचा नियम आहे. त्याची विष्ठा उचलणे हे मालकाचेच काम. आजोबा ते बिनबोभाट करतात.

हे दोघे पहाटे का निघाले, ते आता सांगतो. या सुमारास वारा बहुधा पडलेला असतो आणि सरोवर आरशासारखे शांत असते. दुपारी वारा सुटला की त्याच पाण्यावर लाटा उठतात. शिवाय उत्तरेकडील सरोवरांचे पाणी हिवाळाभर गोठलेले असते. बर्फ वितळल्यावरही ते बराच काळ थंडगार राहते. अशा पाण्यात अकस्मात पडलेल्या माणसाला धाप लागते, आणि काही मिनिटांतच त्याचे हातपाय काम करीनासे होतात. उत्तम पोहणाराही तेथे निरुपाय होतो. म्हणून जीवरक्षक जाकीट होडीत ठेवून उपयोग नाही. ते अंगातच हवे. आजोबा व आजी काठापासून फार दूर जात नाहीत, निघण्यापूर्वी आकाश पाहतात, आणि उलटलेल्या होडीत पुन्हा कसे चढावे याचा सराव त्यांनी उथळ पाण्यात केलेला आहे. धाडस आणि अविचार यांतील अंतर हेच.

होडी काठाकाठाने चालली आहे. एवढ्यात दूरवरून लून या पाणपक्ष्याची आर्त साद ऐकू येते. काळ्यापांढऱ्या अंगाचा व लाल डोळ्यांचा हा पक्षी मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. त्याचे घरटे पाण्याच्या अगदी कडेला असते. होडी फार जवळ गेली तर तो अंडी सोडून पाण्यात उतरतो व अंडी उघडी पडतात. आजी वल्हे उचलून धरतात, कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवतात, आणि होडी लांबूनच वळते.

तिसऱ्या दिवशी तिघे पायीच सरोवराच्या उत्तर टोकाशी जातात. तेथे दगडांची एक रांग आहे. त्या दगडांवरून सरोवराचे पाणी खळखळत बाहेर पडते व एक लहानसा ओढा होतो. त्याची रुंदी पाचसहा मीटर आणि खोली गुडघ्याएवढी. लहान मुलेदेखील हसतखेळत तो ओलांडतात. हीच मिसिसिपी! येथून ती प्रथम उत्तरेकडे जाते, मग पूर्वेकडे वळते आणि शेवटी दक्षिणेचा मार्ग धरून सुमारे ३,७०० किलोमीटरांचा प्रवास करून मेक्सिकोच्या आखाताला मिळते. या सरोवराला ओजिब्वे हे तेथील मूळ रहिवासी एल्क नावाच्या थोर हरणाचे सरोवर म्हणत. १८३२ साली ओझाविंदिब या ओजिब्वे पुढाऱ्याने स्कूलक्राफ्ट या संशोधकाला वाट दाखवीत येथवर आणले. स्कूलक्राफ्टने ‘खरे मस्तक’ अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांमधली अक्षरे घेऊन इटास्का हे नवे नाव बनवले.

ओढ्याच्या काठी बसलेल्या आजी-आजोबांना आज ही शांतता विनासायास मिळाली आहे. परंतु ती कोणी तरी राखली म्हणूनच मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिनेसोटातील पाइनची वने झपाट्याने तोडली जात होती. नदीचा नेमका उगम निश्चित करण्यासाठी जेकब ब्रॉवर हे गृहस्थ येथे आले असता, कुऱ्हाड या वनापर्यंतही पोहोचणार हे त्यांनी ओळखले. त्यांनी विधिमंडळाकडे धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला. १८९१ साली उद्यानाचा ठराव संमत झाला. आणि तो किती मताधिक्याने म्हणाल? अवघ्या एका मताने! ते एक मत पडले नसते तर या वनाची कथा निराळी झाली असती.

तरीही कायदा झाल्याने काम संपले नाही. उद्यानाच्या हद्दीतील सर्व जमीन राज्याच्या हाती आलेली नव्हती आणि वृक्षतोड चालूच होती. तोडलेले ओंडके वाहून नेण्यासाठी लाकूडतोड करणाऱ्यांनी नदीवर बांध घातला; त्यामुळे सरोवराचे पाणी चढून काठचे वृक्ष बुडू लागले. १९०३ साली उद्यानाचे अधिकारी वारले, तेव्हा त्यांची चोवीस वर्षांची कन्या मेरी गिब्ज हिची त्या पदावर नेमणूक झाली. तिने बांधाची दारे उघडण्याची मागणी केली. बांधावरील माणसांनी बंदुका रोखल्या व जो कोणी दाराला हात लावील त्याच्यावर गोळी झाडू, असे धमकावले. मेरी पुढे झाली आणि तिने आपला हात तेथे ठेवला. गोळी सुटली नाही. तिला ते पद फार काळ लाभले नाही, आणि वृक्षतोडही त्यानंतर कित्येक वर्षे थांबली नाही. परंतु त्या दिवशी एका तरुणीने दाखवलेले धैर्य उद्यान विसरलेले नाही. उगमाजवळील माहिती केंद्राला आज तिचेच नाव दिलेले आहे.

पुढे १९३३ ते १९४२ या काळात, बेकारीने ग्रासलेल्या तरुणांना काम मिळावे म्हणून अमेरिकेच्या सरकारने मोठी योजना आखली. सुमारे तीस लाख तरुण तीत सामील झाले. त्यांनी झाडे लावली, वाटा काढल्या आणि शेकडो राज्य उद्याने सजवली. इटास्का येथील काही लाकडी इमारती त्याच काळातल्या आहेत. उगमाजवळची दगडांची ती रांगही त्याच दशकात बसवलेली आहे.

मग आजच्या प्रवाशाकडे कोणते काम उरले? ते दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. आजोबांनी सरपण घरून आणले नाही. ते उद्यानातच विकत घेतले. कारण ॲश जातीच्या वृक्षांची साल आतून पोखरणारा एक हिरवा कीटक लाकडांच्या मोळ्यांतून दूरदूर पसरतो. २००२ साली तो अमेरिकेत प्रथम आढळला आणि तेव्हापासून त्याने कोट्यवधी वृक्ष मारले आहेत. एका मोळीतून एका वनाचा नाश संभवतो! तसाच एक झेब्र्यासारख्या पट्ट्यांचा, नखाएवढा परदेशी शिंपला आहे. त्याची पिले डोळ्यांना दिसतही नाहीत. होडीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यातून ती दुसऱ्या सरोवरात जातात, तेथे अफाट वाढतात आणि इतर जलचरांचे अन्न संपवतात.

चौथ्या दिवशी सकाळी तंबू उतरला. विस्तवावर पाणी ओतून राख हाताला थंड लागते की नाही, हे आजोबांनी पाहिले. आजींनी होडी उपडी करून तीतील पाणी निथळू दिले, वल्ह्याला चिकटलेले शेवाळ काढले आणि कुत्र्याचे जाकीटदेखील उलटसुलट करून पुसले. हे करताना कोणी पाहत नव्हते. मोटार निघाली तेव्हा त्या जागी गवत थोडेसे दबलेले होते, एवढीच काय ती खूण.

मुलांनो, जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, असे उद्विग्न होऊन म्हणणारे लोक भेटतात. इटास्काची हकिगत त्यांना सांगावी. एका मताने ते वन राखले गेले, एका हाताने काही काळ तोडणाऱ्यांना अडवले, आणि आज निथळलेल्या होडीने ते सांभाळले जात आहे. मतदान किंवा बंदुकीपुढे उभे राहणे यांचे प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला येतीलच असे नाही. होडी निथळण्याचा प्रसंग मात्र रोज येतो.