पडद्यावर रेघा? आधी तपास, मग आरोप!

दोस्तांनो, तुमच्या घरी असं कधी झालंय का? उद्या शाळेत प्रकल्प द्यायचाय, म्हणून घरातला एकुलता एक लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर हिरव्या-जांभळ्या रेघाच रेघा! मग काय, घरात खटलाच उभा राहतो. आई म्हणते, ‘‘आणखी खेळ गेम!’’ बाबा म्हणतात, ‘‘ग्राफिक्स कार्ड गेलं. आला खर्च!’’ आरोपी तुम्ही, पण पुरावा मात्र एकही नाही.

हा पुरावा तुम्हीच गोळा करू शकता. तोही एकही स्क्रू न काढता, बरं का!

आधी ग्राफिक्सचं काम काय, ते पाहू. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला ६० वेळा पाठवायचा, म्हणजे सेकंदाला १२ कोटींहून जास्त रंग! हे काम करणारी चिप बहुतेक लॅपटॉपमध्ये सुटं कार्ड नसते. ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते किंवा प्रोसेसरच्या पोटात असते. म्हणून ती बदलणं महाग पडतं. आणि म्हणूनच नुसत्या संशयावरून तिला दोषी ठरवायचं नाही.

चित्र तुमच्यापर्यंत कसं येतं? ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम चिपला हुकूम देतो, चिप चित्र तयार करते, बिजागरीतून जाणारी बारीक केबल ते पडद्याकडे नेते. या साखळीतली कडी एकेक करून तपासायची.

पहिली चाचणी : लॅपटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं, तर चिप बहुधा निर्दोष. मग संशय केबलवर किंवा पडद्यावर. झाकण हळूच मागेपुढे करा. रेघा कमी-जास्त झाल्या, तर चोर बिजागरीतच लपलाय! टीव्हीवरही त्याच रेघा दिसल्या, तर मात्र केबल आणि पडदा सुटले. संशय चिपवर किंवा ड्रायव्हरवर.

पडदा अगदी काळा आहे? खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारा. पुसटसं चित्र दिसलं, तर चित्र येतंय, फक्त पडद्यामागचा उजेड गेलाय.

दुसरी चाचणी : लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं चिन्ह दिसतं, ते नीट पाहा. तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर जागाच झालेला नसतो. त्या चिन्हावरही रेघा असतील, तर ड्रायव्हर निर्दोष. चिन्ह स्वच्छ असेल, तर सेफ मोडमध्ये लॅपटॉप सुरू करा. तिथं विंडोज अगदी साधा ड्रायव्हर वापरतं. रेघा गायब झाल्या, तर नेहमीचा ड्रायव्हर नव्यानं घालून पाहा. त्याला एक पैसाही लागत नाही.

तिसरी चाचणी : सुरुवातीला सगळं ठीक, पण गेम सुरू केल्यावर थोड्या वेळानं चित्र फाटतं? मग उष्णतेवर संशय घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळता का? खालच्या जाळ्या बंद झाल्या की गरम हवा आत कोंडते. लॅपटॉप टेबलावर ठेवून पाहा. पंखा धुळीनं भरला असेल, तर जाणकाराकडून साफ करून घ्या.

उष्णता चिपचं काय करते? चिप तापली की फुगते, निवली की आकसते. असं हजारो वेळा झालं की तिच्याखालचे बारीक जोड थकतात, त्यांना तडे जातात. २००८ सालच्या जुलैमध्ये एनव्हिडिया या नामांकित कंपनीनं जाहीर केलं, की आपल्या लॅपटॉपमधल्या काही चिप्स नेहमीपेक्षा जास्त बिघडत आहेत आणि कमजोर साहित्य हे त्याचं एक कारण आहे. या खर्चासाठी कंपनीनं १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. म्हणजे बघा, किती घरांत उगाच कुणाकुणाला बोलणी बसली असतील!

आणखी एक. बोर्ड ओव्हनमध्ये भाजला की चिप जिवंत होते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. चाललाच, तर चार दिवस चालतो. आणि त्या वाफा स्वयंपाकघरात नकोतच.

तपास सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मग वहीत लिहा : कोणती चाचणी केली, काय दिसलं. हे पान दुरुस्तीवाल्या काकांना दाखवा. ‘‘कार्ड गेलंय, बदला’’ म्हणण्यापेक्षा ‘‘टीव्हीवर चित्र स्वच्छ येतंय, झाकण हलवलं की रेघा हलतात’’ असं सांगितलंत, तर त्यांचा वेळ वाचेल आणि बाबांचे पैसेही.

आणि घरातल्या खटल्याचं काय? तेच पान आई-बाबांपुढे ठेवा. निर्दोष ठरलात, तर उत्तमच. पण गादीवरच्या गेमनंच घात केलाय असं निघालं, तर तेही सरळ कबूल करून टाका. खरा तपासनीस पुराव्यापासून पळत नाही. काय, पटतंय ना?