डोळ्यांत पाणी, तरी डोळे कोरडे!

डिसेंबरातील सकाळी सातचा तास. शेजारच्या गावाहून सायकलने येणारा एक विद्यार्थी रोज डोळे पुसतच वर्गात शिरे. डोळे लाल, चुरचुरणारे आणि गालांवर पाणी. मित्र चेष्टा करीत, म्हणून घरात उरलेले दुसऱ्या कोणाचे तरी औषध तो डोळ्यांत घालू लागला होता. ते आधी बंद करायला सांगून मी म्हटले, "तुझे डोळे कोरडे पडत असावेत."

तो हसला. "सर, पाणी वाहते आहे आणि डोळे कोरडे कसे? शिवाय आज सकाळची आर्द्रता ९० टक्के आहे!"

दोन्ही शंका उत्तम होत्या. आधी दुसरी घेऊ.

सापेक्ष आर्द्रता हवेत किती बाष्प आहे हे सांगत नाही. त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावते, त्याच्या शेकडा किती आहे एवढेच ती सांगते. १० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे ९.४ ग्रॅम बाष्पाने संपृक्त होते. म्हणून ९० टक्के आर्द्रतेलाही बाष्प साडेआठ ग्रॅमच. पावसाळ्यात २५ अंशांना तीच ९० टक्के आर्द्रता असेल, तर बाष्प सुमारे २१ ग्रॅम भरते.

आता डोळ्याचा पृष्ठभाग पाहा. त्याचे तापमान सुमारे ३४ अंश असते. त्याला लागून असलेल्या हवेच्या थरात घनमीटरला सुमारे ३७.५ ग्रॅम बाष्प मावते. हा थर आणि बाहेरची हवा यांतील बाष्पाचा फरक जितका जास्त, तितके बाष्पीभवन जलद. पावसाळ्यात हा फरक सुमारे १७ ग्रॅम, तर थंडीच्या त्या सकाळी २९ ग्रॅम! त्यात सायकलवर समोरून येणारा वारा डोळ्यांजवळची दमट हवा सतत उडवून नेतो. दोरीवरचे कपडे वाऱ्याने लवकर वाळतात, तसेच हे.

डोळ्यावरील अश्रूंचा पडदा मिलिमीटरच्या काही सहस्रांश इतकाच जाड असतो. त्यात पाण्याखाली चिकट द्रव्य असते. ते पाण्याला बुबुळावर धरून ठेवते. पाण्यावर तेलकट पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. तो बाष्पीभवनाला आळा घालतो. हे तेल पापण्यांच्या कडांतील ग्रंथींतून येते आणि पापणी मिटली की डोळ्यावर पसरते. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल गोठते ना? थंडीत हे तेलही घट्ट होऊन नीट पसरत नाही.

आता पहिली शंका. पडदा विरला की बुबुळाच्या मज्जातंतूंना टोचल्यासारखे होते. मेंदूला संदेश जातो आणि अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडतात. पण त्या मानाने त्यात तेल कमीच. पाणी गालांवर ओघळते, डोळा पुन्हा कोरडा! म्हणजे वाहणारे पाणी हे कोरडेपणाचेच लक्षण असू शकते.

कारण कळले की उपायही सुचतात. सायकलवर साधा चष्मा लावावा, वारा अडतो. शेगडीच्या धगीत व धुरात किंवा पंख्याच्या झोतासमोर बसू नये. वाचताना किंवा पडद्याकडे पाहताना आपण पापण्या फारच कमी मिटतो. म्हणून मधूनमधून नजर दूर न्यावी व पापण्या पूर्ण मिटाव्यात. स्वच्छ फडके सोसेल अशा कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. गोठलेले तेल सुटते. डोळे चोळू नयेत. मध, लिंबू असले काहीही डोळ्यांत घालू नये आणि डॉक्टरांना न विचारता थेंबही नकोत. काही औषधांतील स्टेरॉइडमुळे डोळ्यातील दाब वाढून दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. वेदना, चिकट स्राव, उजेड सहन न होणे किंवा अंधूक दिसणे, यांपैकी काहीही असले तर नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जावे.

दोन आठवड्यांनी तो विद्यार्थी चष्मा लावून आला. डोळे स्वच्छ होते. बाकावर बसता बसता त्याने विचारले, "सर, मग थंडीत ओठ का फुटतात?"

आकडे वर दिलेलेच आहेत. उत्तर आता तुम्हीच शोधा.