घास आणि घड्याळ

रोग्याला दोन घास भरविणे हे काम कुणीही करावे असे आपल्याकडे समजतात. डॉक्टर ते करीत नाहीत, नर्सला सवड नसते. मग आया, नाही तर रोग्याची म्हातारी आई. आम्ही इस्पितळांतील आया व वॉर्डबॉय यांच्या संघटनेत आयुष्य घालविले. वैद्यकाचे जे थोडे कळते ते मागून आणलेल्या पुस्तकांतून आणि वॉर्डात उभे राहून.

एक घास गिळायला पंचवीसहून अधिक स्नायू ठरल्या क्रमाने हलावे लागतात, आणि त्या क्षणी श्वासनलिकेचे दार मिटलेले असावे लागते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात नाडीचा हुकूम स्नायूला नीट पोचत नाही. हुकूम नेणारे द्रव्य ठीक असते. ते झेलणारी जागा शरीराच्याच प्रतिपिंडांनी अडविलेली असते. म्हणून स्नायू आधी चालतो आणि वापरता वापरता थकतो. पहिले चार घास सुरळीत. दहाव्याला रोगी हाताने जबडा सावरतो. पुढचा घास वाट चुकतो.

1934 साली लंडनमधील ग्रिनिचच्या सेंट आल्फेज इस्पितळात डॉ. मेरी वॉकर यांनी अशा एका बाईला फायसोस्टिग्मिन टोचले, तेव्हा पडलेली पापणी उचलली गेली व गिळणे सुधारले. ते इस्पितळ मूळचे गोरगरिबांच्या आश्रयगृहाचे, याचे आम्हांस विशेष वाटते. आज त्याच जातीचे पायरिडोस्टिग्मिन गोळीने देतात. गुण यायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि काही तासांत तो ओसरतो. तेव्हा गोळी आधी, जेवण मागून.

आमच्या माहितीच्या एका इस्पितळात जेवणाची गाडी साडेअकराला येई आणि गोळ्यांचा ट्रे बाराला. सातवी शिकलेली एक आया म्हणाली, "ही बाई जेवताना हसत नाही, एक वाजता हसते." चेहऱ्याचेही स्नायू तेच! तिचे कुणी ऐकले नाही. चार दिवसांनी अन्न फुप्फुसात जाऊन त्या बाईला न्यूमोनिया झाला. मग संघटनेने अर्ज दिला आणि गोळी पावणेअकराला मिळू लागली. बाई घरी गेली, पण महिना मोडला.

भरविताना रोग्याला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून वरून पाणी ओतण्याची आपली रीत येथे जीवघेणी आहे. पातळ पाणी सर्वांत लवकर चुकते. ते दाट करावे की कसे, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्याला विचारावे. मऊ, एकजीव भात बरा. कोरडी भाकरी नको. एक घास पूर्ण उतरल्यावाचून दुसरा नाही, आणि त्या वेळी बोलायला लावू नये. जेवणानंतर अर्धा तास बसूनच ठेवावे. ठसका लागला नाही म्हणजे सारे ठीक, असे नव्हे. आवाज ओलसर झाला किंवा पाणी नाकातून आले तर थांबावे. एका श्वासात वीसपर्यंत मोजता येईनासे झाले तर तडक इस्पितळ गाठावे.

असे एक जेवण चाळीस मिनिटे घेते. त्या आयेच्या पाळीत बावीस खाटा होत्या आणि कामाच्या तक्त्यात भरविण्याला रकानाच नव्हता. तो घालावा म्हणून आमचा दुसरा अर्ज अजून पडून आहे.